आमची होंडा सिटी आणि यंत्रशास्त्राचे पाच धडे



'लक्झरी गाडी म्हणजे काय?' असं वर्गात विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. एसी, मऊ सीट, म्युझिक सिस्टीम आणि मागच्या बाकावरून हळूच, 'सर, किंमत!' ही सगळी उत्तरं शोरूममधली आहेत. आपण यंत्रवाले. आपलं उत्तर जरा वेगळं असायला हवं. माझ्या मते रस्त्याचा धक्का, इंजिनाची थरथर आणि आवाज यांना बसणाऱ्या माणसापर्यंत पोहोचू न देणं म्हणजे लक्झरी. पैसे मोजून आपण खरं तर शांतता विकत घेतो.

हे जपान्यांनी जगाला फार छान पटवून दिलं. १९८९ साली टोयोटाने लेक्सस एलएस ४०० ही गाडी अमेरिकेत आणली. तिच्या जाहिरातीत गाडीची चाकं रोलरवर जोरात फिरत होती आणि बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचलेला होता. ग्लास पडले नाहीत. ना चामड्याचं कौतुक, ना लाकडाचं. फक्त 'थरथर नाही' एवढंच दाखवलं आणि लोकांना ते कळलं.

ती लेक्सस मी कधी चालवली नाही. पण एक जपानी सेडान माझ्याकडे तब्बल १७ वर्षं होती. होंडा सिटी, १.५ व्हीटेक, २००१ चं मॉडेल. तिच्या आठवणी सांगताना आपला अभ्यासक्रमही थोडा उजळून निघेल, म्हणून हा लेख.

गोंदियातली 'फॉरेनची गाडी'

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा इथल्या रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडर, प्रीमिअर पद्मिनी, मारुती ८०० आणि जीप एवढंच विश्व होतं. होंडाने सिटी भारतात आणली ती जानेवारी १९९८ मध्ये, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून. ही गाडी मुळात आशियातल्या बाजारासाठी बनवलेली आणि १९९६ मध्ये थायलंडमध्ये आधी आलेली. जपानी मापाने लहानच. पण आपल्याकडे ती उभी राहिली की लोक काचेतून आत वाकून पाहायचे.

माझी गाडी आधी एका राइस मिलवाल्यांकडे होती. २००६ मध्ये त्यांनी मोठी गाडी घेतली आणि ही मी घेतली. एमएच-३५ चा नंबर, रंग चांदीसारखा, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. पहिल्या दिवशी आमच्या नेहमीच्या मेकॅनिक भाऊंकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि म्हणाले, "सर, गाडी चालू हाय का बंद, समजूनच नाही राह्यलं!" गाडीला मिळालेलं याहून चांगलं सर्टिफिकेट मी आजवर ऐकलेलं नाही.

धडा पहिला : श्वास

आधी एक गणित करा. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा बोअर ७३.०२५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. चार सिलिंडर. घनफळ काढा, १४८९ सीसी येईल. आता सिटीचं काढा. बोअर ७५, स्ट्रोक ८४.५. उत्तर १४९३ सीसी. फरक फक्त ४ सीसीचा, म्हणजे चहाच्या चमच्याएवढाही नाही. तरी अ‍ॅम्बेसेडरची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या घरात आणि आमच्या सिटीची १०६! भांडं तेवढंच, मग दुप्पट ताकद आली कुठून?

उत्तर एका शब्दात, श्वास. इंजिन जितकी हवा आत घेईल तितकंच पेट्रोल जाळू शकेल. अ‍ॅम्बेसेडरला प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आणि ते पुशरॉडने उघडणारे. सिटीला प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर डोक्यावर कॅमशाफ्ट, आणि कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन. त्यामुळे एका मिनिटाला जास्त फेऱ्या मारता येतात आणि प्रत्येक फेरीत छातीही चांगली भरते.

पण इथे एक पेच आहे. समजा, इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या २२० अंशांपर्यंत उघडा राहतो. मिनिटाला १००० फेऱ्या असताना एका फेरीला ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे व्हॉल्व्ह सुमारे ३७ मिलिसेकंद उघडा. ६००० फेऱ्यांवर हाच वेळ उरतो जेमतेम ६ मिलिसेकंद. एवढ्यात हवेने आत यायचं कसं? त्यासाठी व्हॉल्व्ह जास्त उंच उचलायला हवा आणि जास्त वेळ उघडा ठेवायला हवा. पण तसा कॅम बसवला की कमी फेऱ्यांवर आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलली जाते, गाडी आयडलला लंगडते, पिकअप जातो. शर्यतीच्या गाड्या सिग्नलवर खोकत उभ्या असतात, त्या यामुळेच. म्हणून पूर्वी डिझाइन करणाऱ्याला मधलाच काहीतरी तडजोडीचा कॅम निवडावा लागे.

होंडाच्या इकुओ काजितानी या अभियंत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तडजोड नाकारली. एकाच शाफ्टवर दोन्ही स्वभावांचे कॅम ठेवायचे आणि गरजेप्रमाणे बदलायचे, हे व्हीटेक. १९८९ च्या इंटेग्रा गाडीत ते पहिल्यांदा आलं. १.६ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती, म्हणजे लिटरला १००, तीही टर्बोशिवाय.

सिटीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक बाजूला तीन रॉकर आर्म शेजारी शेजारी बसतात. बाहेरचे दोन व्हॉल्व्हवर टेकलेले, मधला मोकळा. मधल्याचा कॅम सर्वांत उंच. कमी फेऱ्यांवर मधला आर्म नुसता हलत राहतो, काम करत नाही. फेऱ्या एका मर्यादेपलीकडे गेल्या आणि पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असला की कॉम्प्युटर एक सोलेनॉइड उघडतो, इंजिन ऑइल दाबाने आत येतं आणि एक छोटीशी पिन सरकून तिन्ही आर्म एकमेकांत अडकवते. आता तिघंही मधल्या उंच कॅमच्या तालावर चालतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ऑइलचा दाब जातो, स्प्रिंग पिन मागे ढकलते आणि गाडी पुन्हा शहाण्या मुलासारखी वागते. आहे की नाही गंमत? दोन माणसं एका घरात, आणि घर भांडत नाही.

हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना तो क्षण कानाला कळायचा. आवाज एकदम बदलायचा, जणू गायकाने वरचा षड्ज लावला. मागे बसलेली माझी मुलगी टाळ्या वाजवायची. तिच्या भाषेत, "गाडी रागावली!"

धडा दुसरा : राखड

आता जरा आपल्या मातीतली गोष्ट. आपला जिल्हा धानाचा. १०० किलो धान भरडलं की साधारण २० किलो भुसा निघतो. उसना तांदूळ बनवणाऱ्या मिलच्या बॉयलरमध्ये तो जाळतात. २० किलो भुशाची राख पडते सुमारे ४ किलो, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूचंच कुळ. सकाळी गाडीवर जी करडी साय बसलेली दिसते ना, तिच्यात हेच असतं.

इंजिन किती हवा ओढतं ते पाहा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतो. १४९३ सीसी, ३००० फेऱ्या आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरला, तर मिनिटाला २२०० लिटरहून जास्त हवा. त्या हवेतली राखड सिलिंडरमध्ये गेली तर ऑइलच्या थरात मिसळून पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी घासत बसते. मग कॉम्प्रेशन उतरतं, ऑइल जळायला लागतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

मॅन्युअलमध्ये एअर फिल्टर बदलायचा हिशोब किलोमीटरमध्ये दिलेला असतो आणि धुळीच्या भागासाठी तो लवकर बदला अशी सूचना असते. मी गोंदियासाठी तो निम्मा केला. ऑइलचंही तसंच. व्हीटेकची पिन सरकते ती ऑइलच्या दाबावर, हे लक्षात घ्या. ऑइल काळं, घट्ट किंवा कमी झालं तर सगळ्यात आधी ही नाजूक वाट अडते. २०२३ मध्ये मीटरवर २ लाख ३८ हजार किलोमीटर झाले तेव्हाही इंजिन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल मागत नव्हतं. त्यात माझं कौशल्य काही नाही. काही शे रुपयांच्या फिल्टरची ती कमाई आहे.

आणखी एक. या इंजिनात कॅमशाफ्टला फिरवणारा टायमिंग बेल्ट रबरी दात्यांचा असतो. तुटायच्या आधी तो काही सांगत नाही, आणि तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळू शकतो. साधारण लाख किलोमीटरला तो बदलायचा म्हणजे बदलायचा. 'चालतंय ना, राहू द्या' हे वाक्य बेल्टला लागू नाही.

धडा तिसरा : थरथर

चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर जातात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली येतात. मग सगळं समतोल व्हायला हवं. तरी हलकी थरथर उरतेच. का? कनेक्टिंग रॉड तिरका होतो म्हणून. त्यामुळे पिस्टनचा वरच्या अर्ध्या प्रवासातला वेग खालच्या अर्ध्यापेक्षा जास्त असतो आणि वर-खालची बलं एकमेकांना पुरती खोडत नाहीत. जे उरतं त्याला आपण सेकंडरी अनबॅलन्स म्हणतो. ते क्रँकच्या दुप्पट वारंवारितेने हलतं आणि फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ३००० वरून ६००० वर गेलात की चौपट.

यावर जपान्यांनी निरनिराळे उपाय केले. मित्सुबिशीने १९७० च्या दशकात इंजिनात उलटसुलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट टाकले. मूळ कल्पना लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याची, पण ती रोजच्या गाडीत आणून दाखवली मित्सुबिशीने. लेक्ससने तर आठ सिलिंडरचं व्ही इंजिनच घेतलं. सिटीसारख्या गाडीत मात्र पैशांची मर्यादा. तिथे पिस्टन-रॉडचं वजन कमी ठेवणं आणि इंजिन रबरी माउंटिंगवर तोलून बसवणं एवढ्यावर भागवलं जातं.

हे रबर म्हातारं होतं. २०१४ च्या सुमारास आमची गाडी सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरायला लागलं. घरी सगळे म्हणाले, इंजिन गेलं, आता विका. भाऊंनी माउंटिंगला पाना लावून दाखवलं, रबर कडक होऊन फाटलं होतं. नवी माउंटिंग नागपूरहून आणून टाकली आणि गाडी पुन्हा गप्प. मित्रांनो, रोग कुठे आहे आणि दुखतं कुठे यात फरक असतो. थरथर स्टिअरिंगला जाणवली म्हणून दोष स्टिअरिंगचा नव्हता, आणि इंजिनाचाही नव्हता.

धडा चौथा : धक्का

ही गोष्ट सांगायला मला जड जाते, पण या लेखात तीच सगळ्यात महत्त्वाची.

मे २०११. आईच्या मणक्याचं ऑपरेशन नागपूरला झालं. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "झोपवून न्या. वेग महत्त्वाचा नाही, धक्का बसता कामा नये." नागपूर ते गोंदिया म्हणजे कुठल्या वाटेने जाता त्यावर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर. नातेवाइकांनी अ‍ॅम्ब्युलन्स ठरवली होती. मी खाली जाऊन पाहिली. मालवाहू गाडीवर बांधलेली, मागे कडक पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंग.

दवाखान्याच्या पायरीवर बसून एका बिलाच्या पाठीवर मी हिशोब केला. सूत्र तुम्हाला माहीत आहे. वजनाने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते त्याच्या वर्गमुळाने ५ ला भागा, गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावते ते येतं. समजा कारची स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबते. वर्गमूळ ४, म्हणून सेकंदाला सव्वा हेलकावे. हा माणसाच्या चालण्याजवळचा ताल, शरीराला तो सोसतो. आता एक टन माल वाहायला बनवलेली स्प्रिंग घ्या. त्यावर एकच रुग्ण झोपलेला. ती दबते जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला ५ हेलकावे. आणि माणसाचं धड उभ्या कंपनाला सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. नेमकं तिथेच.

थोरल्या ताईला मी तो कागद दाखवला. ती शाळेत मराठी शिकवते. ती म्हणाली, "मला आकडे कळत नाहीत. तू खात्रीने सांगतोयस ना?" मी हो म्हटलं. अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठवली. डॉक्टरांना विचारून आईला सिटीच्या मागच्या सीटवर, खाली उशा भरून झोपवलं. टायरमधली हवा मॅन्युअलमधल्या आकड्यावर तपासली, जास्त अजिबात नाही, कारण टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच. चाळीस-पन्नासचा वेग. पुलाच्या सांध्याआधी ब्रेक सोडून द्यायचा, कारण ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक आधीच खाली गेलेलं असतं आणि स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही.

भंडारा गेलं, साकोली गेलं. कोहमाऱ्याला वळण घेतलं तेव्हा ताई मागून कुजबुजली, "झोपली आहे रे." जवळजवळ पाच तासांनी घरी पोहोचलो. आईने डोळे उघडून विचारलं, "आलं का गोंदिया?" त्या दिवशी मला वाटलं, कंपनशास्त्राचं पुस्तक लिहिणाऱ्या सगळ्यांना घरी जेवायला बोलवावं.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर धडा अर्धा राहील. मऊ स्प्रिंग म्हणजे दबायला जास्त जागा हवी. सिटी आधीच बुटकी. पाच माणसं बसली की गावातल्या स्पीडब्रेकरवर पोट घासायचंच. नवेगावबांधला जाताना आम्ही उतरून चालायचो आणि गाडी रिकामी पुढे जायची. पोरांना त्याचीही मजा. यंत्रात फुकट काही मिळत नाही, एक घेतलं की दुसरं द्यावं लागतं.

धडा पाचवा : गंज

२०१६ मध्ये गाडीला १५ वर्षं झाली. आरटीओत तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली, २०२१ मध्ये पुन्हा वाढली. इंजिन ठणठणीत. २०२३ मध्ये मुलीला नागपूरला नोकरी लागली आणि तिने हट्ट धरला, "बाबा, सिटी मला द्या." मला कोण आनंद! देण्याआधी गाडी भाऊंच्या रॅम्पवर चढवली.

दरवाज्याखालच्या पत्र्यावर भाऊंनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला. मागच्या सस्पेन्शनच्या जोडाजवळही तसंच. बावीस पावसाळ्यांचं पाणी आणि चिखल आतल्या पोकळीत साचून पत्रा आतून खाल्ला गेला होता. वरचा रंग चकचकीत. भाऊ म्हणाले, "पट्टी मारून देतो सर, दिसनार बी नाही."

दिसणार नाही, हीच तर अडचण होती. जीपला खाली वेगळी चौकट असते, पत्रा गेला तरी चौकट टिकते. कारची बॉडी मोनोकॉक, म्हणजे पत्रा हीच चौकट. टक्कर झाली तर धक्का पोटात घ्यायचा तो याच पोकळ पट्ट्यांनी. वर मारलेली पट्टी पास होण्यापुरती दिसली असती, पण आतल्या कुजलेल्या पत्र्याला वेल्ड धरत नाही. शिवाय आमच्या गाडीत एअरबॅग नव्हत्या. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे आजची साधी गाडीही या बाबतीत तिच्या पुढे.

त्या रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही. आई म्हणाली, "मला तिने सांभाळून आणलं, तिला असं मोडीत काढतोस?" मी म्हटलं, "आई, तुला आणलं तेव्हाही मी हिशोबावरच भरवसा ठेवला होता. आज हिशोब नाही म्हणतोय." मुलगी रडली, पण तिने कागद पाहिला आणि मान डोलावली. ती बसने नागपूरला गेली.

आरटीओत अर्ज करून नोंदणी रद्द केली. बॉडी मोडीत गेली. इंजिन मात्र मी ठेवून घेतलं आणि आपल्या विभागाला दिलं. वर्कशॉपच्या सरांनी आणि अंतिम वर्षाच्या मुलांनी त्याचं हेड उघडून, बाजू कापून स्टँडवर बसवलं आहे. ऑइलच्या वाटेला कॉम्प्रेसरची हवा जोडली की पिन सरकते आणि तिन्ही रॉकर आर्म एकमेकांत अडकलेले डोळ्यांनी दिसतात. क्रँक हाताने फिरवा. आधी हवा न देता, मग हवा देऊन. व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते डायल गेजने मोजा आणि दोन्ही आलेख एका कागदावर काढा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा दहा मिनिटांत जास्त कळेल.

आणि हो, हात घालण्याआधी हवेचा नळ बंद आहे ना ते पाहा. इंजिन जुनं आहे, पण पिन अजून झटक्यात सरकते.